तक्ता नंतर, आधी पातेलं बघा

प्रश्न असा आला आहे: "कल्याणच्या पुढे नाका कामगारांची वस्ती आहे, बहुतेक कुटुंबं परभणी-जालन्याकडची. तीन महिने दर बुधवारी बायकांना जमवून चौरस आहार शिकवते. तक्ते, चित्रं, पाककृती सगळं झालं. बायका माना डोलावतात, पण मुलांची वजनं हलत नाहीत आणि पाच रुपयांची खाऊची पुडी काही सुटत नाही. घरात पैसाच नसेल तर शिकवायचं तरी काय? माझं काय चुकतंय?"

तुमची मेहनत कमी पडत नाहीये, सुरुवात उलट्या टोकाने झाली आहे. मी एकात्मिक बालविकास प्रकल्पात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, होते. बरीच वर्षं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काढली, शेवटची काही शहरी प्रकल्पात. पहिली पाचेक वर्षं मीही हेच केलं: गुंडाळीचा तक्ता, त्यावर गाजर, सफरचंद आणि दुधाचा पेला. ज्या पाड्यावर आम्ही तो लावायचो तिथे सफरचंद कुणी आजारी पडलं तरच यायचं. बायका तक्ता बघायच्या, मी बायकांच्या माना बघायचे, आणि रजिस्टरमध्ये "आहार मार्गदर्शन केले, उपस्थिती २२" अशी नोंद व्हायची.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० पैकी ३६ मुलांचं वजन कमी होतं. २०१९-२१ मध्येही ३६ च. लहान मुलांमधला रक्तक्षय तर ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेला. कारणं अनेक आहेत आणि सगळा दोष आपल्या तक्त्यांचा नाही. पण मधल्या काळात तक्ते काही कमी लागले नव्हते.

मोखाड्याच्या बाजूची एक गोष्ट सांगते, कारण माझी कामाची रीत त्या दिवशी बदलली. अकरा महिन्यांचा मुलगा, वजन सव्वासहा किलो. आईला विचारलं, काय खातो? "वरण-भात खातो की, दोन येळा." म्हणजे मी शिकवलेलं ती करत होती. माझ्या वहीत त्या घरासमोर बरोबरची खूण होती. त्या दिवशी पाऊस लागला म्हणून मी तिथेच अडकले आणि जेवणाची वेळ झाली. तिने पातेलं न ढवळता वरवरची निवळ वाटीत घेतली, भाताची चार शितं कुस्करली आणि पोराला पाजली. अक्षरशः पाजली. त्याने सगळी संपवली, पोट टम्म झालं, आई समाधानी. मी तेवढीच वाटी पुन्हा भरायला लावली आणि चहाच्या गाळणीतून ओतली. गाळणीत उरला दीड चमचा गाळ. मी काहीच बोलले नाही. सासूच म्हणाली, "अगं, हे तर पाणीच पाजतो आपण."

आता हिशेब बघा. लहान मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण तीस मिलिलिटर मावतं. सव्वासहा किलोच्या पोराच्या पोटात दोनशे मिलिलिटरसुद्धा नाही, म्हणजे आपली मोठी वाटीही पुरी नाही. ती जागा पाण्याने भरली की संपलं. उपाय पातेल्यातच होता: डाव तळापर्यंत घालायचा, खालची घट्ट डाळ घ्यायची, भात बोटांनी चांगला मोडायचा आणि वर चहाचा चमचाभर तेल. त्या एका चमच्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी असतात. बाजारातून काहीही आणावं लागलं नाही. पुढच्या खेपेला मी त्या घरी फक्त एक गोष्ट तपासली: चमचा तिरपा केला की घास खाली ओघळतो की चमच्यावर बसून राहतो. बसून राहिला, तर बरोबर.

तुमच्या वस्तीत हे पातेलं बघण्याचं काम अजून व्हायचं आहे. बायका तुमच्याकडे येतात, तुम्ही त्यांच्या चुलीपर्यंत गेलेल्या नाहीत. दोन बुधवार वर्ग बंद ठेवा. दोन वर्षांखालची मुलं असलेली दहा घरं निवडा आणि सकाळी सात वाजता जा. दुपारी नको. रोजंदारीच्या कामासाठी नाक्यावर जायची वेळ सातची, आणि दिवसभराच्या जेवणाचा निकाल तेव्हाच लागतो. काही सांगू नका, फक्त बघा. पातेल्यात काय आहे, किती जणांत वाटलं जातंय, धाकट्याला वेगळी वाटी आहे की तो मोठ्यांच्या ताटातून टिपतोय, आई गेल्यावर त्याला कोण भरवणार.

पुडीचं कोडंही तिथेच सुटेल. आपण म्हणतो, पालकांना कळत नाही. त्यांना सगळं कळतं. आई साडेसातला नाक्यावर उभी, बाप तिच्या आधी गेलेला, दीड वर्षाचं पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. पोर रडलं की ती बहीण स्टोव्ह पेटवू शकत नाही, पेटवूही नये. पुडी शिजवावी लागत नाही, सांडत नाही, नासत नाही, पोर स्वतःच्या हाताने खातं आणि गप्प बसतं. पाच रुपयांत ती वेळ विकत घेतली जाते. तुम्ही "पुडी वाईट" म्हणून थांबलात, तर आईच्या हातातलं एक साधन काढून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही.

बदल्यात द्यायची वस्तू पुडीच्याच अटींत बसली पाहिजे: पहाटे तयार, दुपारपर्यंत टिकणारी, पोराच्या मुठीत मावणारी, आठ वर्षांची मुलगी देऊ शकेल अशी. उकडलेलं रताळं. केळं. उकडलेलं अंडं, न सोललेलं ठेवायचं आणि देताना सोलायचं. शिळी पोळी कुस्करून त्यात दाण्याचं कूट, गूळ आणि थोडं तेल घालून वळलेला लाडू. तुमच्या परभणीच्या बायकांना मलिदा म्हणजे काय ते शिकवावं लागणार नाही. शेंगदाणे द्यायचे ते कूट करूनच. अख्खा दाणा किंवा फुटाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो. हे त्या आठ वर्षांच्या मुलीलाही सांगा, तिला बाजूला घेऊन, मोठ्या माणसाला सांगतो तसं. वस्तीत खरी भरवणारी तीच असते, आणि आपल्या उपस्थितीपत्रकात ती कधीच नसते.

पैशांबद्दल बोलायचं तर आधी माझी चूक सांगते. एका बाईला मी मुलाला दूध द्यायला सांगितलं. गुणी बाई, तिने ऐकलं. रोज पाव लिटरची पिशवी आणायची, दुप्पट पाणी घालून तीन मुलांना वाटायची. महिन्याने गेले तर डब्यात तूरडाळ नव्हती. दुधाचे पैसे डाळीतून काढले होते. माझ्या सल्ल्याने त्या घराचं जेवण आधीपेक्षा हलकं झालं. तेव्हापासून "हे आणा" म्हणण्याआधी "यासाठी काय कमी कराल?" हे विचारते आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही.

तुमच्या बुधवारच्या वर्गात हा हिशेब बायकांनाच करू द्या. पाच रुपये मधोमध ठेवा. तेवढ्यात पुडी येते ती मक्याचं किंवा तांदळाचं पीठ, तेल आणि मीठ. तेवढ्यातच सुटे शेंगदाणे घेतले तर मूठभर, तीसेक ग्रॅम येतात आणि त्यात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. अंड्याला थोडे जास्त लागतात, त्यात सहाच्या आसपास. मात्र भाव तुमच्या वस्तीतल्या दुकानाचा धरा. मी सांगितलेला भाव चुकीचा निघाला की बायका हसतात आणि पुढचं सगळं खोटं वाटायला लागतं. पाड्यावर आम्ही असाच हिशेब सुकटीचा, म्हणजे वाळवलेल्या मासळीचा, करायचो. मूठभर जवळा भाजून कुटून डब्यात ठेवला की आठवडाभर चिमूट चिमूट भातात घालता येतो. तुमच्याकडे कोण खातं, कोण नाही, ते आधी विचारून घ्या.

आणखी एक युक्ती शिकून ठेवा, पोरांपेक्षा आयांना तिची जास्त गंमत वाटते. पेज घट्ट केली तर पोर गिळत नाही, पातळ केली तर पाणी होतं. मोड आलेल्या धान्याचं पीठ हा पेच सोडवतं. पाड्यावर आम्ही नागली (नाचणी) घ्यायचो, तुम्ही रेशनचा गहू घ्या. रात्री भिजवा, फडक्यात बांधून मोड येऊ द्या, उन्हात वाळवा, हलकं भाजा, मोड चोळून काढा आणि दळा. घट्ट पेज चुलीवरून उतरवा, जरा निवू द्या, बोटाला चटका बसेल इतपत गरम असताना चमचाभर हे पीठ घालून ढवळा. बघता बघता पेज सैल होते. अन्न तेवढंच राहतं, फक्त गिळता येतं. मोड येताना धान्यात जो पाचक रस तयार होतो तो पिठूळपणा तोडतो. मग एक उकळी काढायची आणि निववून भरवायचं. बडोद्याच्या आहारतज्ज्ञ डॉ. तारा गोपालदास यांनी यावर बरंच काम केलं आहे. माझं पहिलं प्रात्यक्षिक सपशेल फसलं, कारण मी पीठ रटरटत्या पेजेत टाकलं. तो रस मेला आणि पेज ढिम्म हलली नाही. वीस बायका बघत होत्या.

इथे एक इशारा. तुमच्या बायका ज्वारीवाल्या, त्या म्हणतील ज्वारीलाच मोड आणू. नको म्हणा. ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना किराळ लागणं म्हणजे काय, ते त्या तुम्हालाच सांगतील.

किती आणि कितीदा, एवढं मात्र तुम्हाला तोंडपाठ हवं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. मग उष्टावण. आठ महिन्यांपर्यंत दोन-तीन वेळा, दोन-तीन चमच्यांपासून चढत अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिने, अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चार वेळा, शिवाय मधे एक-दोनदा काहीतरी हातात. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही. वाटी म्हणजे अडीचशे मिलिलिटरची. प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते, म्हणून त्यांच्या वाटीत पाणी मोजून दाखवा आणि बाहेरून नेलपॉलिशने रेघ मारून द्या. ती रेघ महिनोन्महिने टिकते, मी पाहिली आहे.

पण हे सगळं सांगायच्या आधी रेशनकार्ड बघा. परभणीहून आलेल्या कुटुंबाचं कार्ड गावच्या दुकानाला जोडलेलं असतं आणि इथे धान्य मिळत नाही असं त्यांना वाटतं. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कार्डाला घरटी पस्तीस किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे अंगठा देऊन ते कल्याणातही उचलता येतं. काही घरांत अंगठा उमटत नाही, काहींच्या कार्डावर लहान मुलांची नावंच चढलेली नसतात. माझ्या हिशेबाने पोषणशिक्षणाचा पहिला महिना यातच जावा. सहा जणांच्या घराला महिन्याला तीस किलो धान्य मिळायला लागलं की तेवढे पैसे डाळी-तेलाकडे वळू शकतात. त्याआधी डाळीचं महत्त्व सांगणं म्हणजे भुकेल्याला पानसुपारी.

तसंच अंगणवाडीचं. गावी नाव असलं तरी इथे नोंद करून घेता येते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार, टीएचआर, मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ठरलेलं प्रमाण दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं होतं. तो आहार घरात आला की सगळ्यांच्या पोटात जातो, याबद्दल आईला बोल लावू नका. तीन पोरं टकामका बघत असताना एकालाच भरवणं कुठल्याच आईला जमत नाही. त्यातल्या त्यात जमतं ते एवढंच: तीन ते सहाची मुलं अंगणवाडीत गरम आहाराला जातील अशी खटपट करायची आणि धाकट्याचा वाटा सकाळीच वेगळ्या डब्यात काढून ठेवायचा.

तुमच्या वर्गात पुरुष नाहीत, ही मोठी उणीव आहे. बाजाराची पिशवी बऱ्याच घरांत बापाच्या हातात असते, आणि शनिवारी मजुरी मिळाल्यावर काय आणायचं ते त्याच वेळी ठरतं. पुरुष सभेला येत नाहीत. मी त्यांना बाजारातच गाठायचे. जव्हारच्या आठवडे बाजारात सुकटवाल्या बायकांच्या शेजारी बसून मी जेवढं पोषणशिक्षण केलं, तेवढं अंगणवाडीत केलं नसेल. "पोरासाठी काय नेतोस?" एवढा एक प्रश्न. बाप आधी लाजतो आणि मग अंडी घेतो.

समजुतींशी सरसकट भांडू नका. कुणी पपई खात नसेल, राहू दे. कुणाला अमुक भाजी वातूळ वाटते, दुसरी सांगा. भांडायचं ते चार-पाच ठिकाणीच. पहिला चीक फेकायचा नाही. नवजात बाळाला मध, गूळपाणी चाटवायचं नाही. वर्षाखालच्या मुलाला मध धोक्याचा आहे. पोट मोठं झालं तर बाळंतपण अडेल म्हणून गरोदरपणी जेवण तोडायचं नाही. जुलाब झाले म्हणून खाणं बंद करायचं नाही. उलट ओआरएस, चौदा दिवस झिंक आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. मुलाचं वजन महिनोन्महिने कमावलेलं असतं आणि आठवड्याच्या जुलाबात जातं, ते भरून काढायची हीच संधी. पाचवी गोष्ट चहा. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, जेवणानंतर तासभर चहा नको, आणि डाळीवर लिंबू पिळलं तर डाळीतलं लोह अंगी लागतं. चहा सोडा असं सांगू नका, कुणी सोडत नाही. मीही नाही.

पाककृती स्पर्धेबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण केलीच असणार. मी डझनावारी घेतल्या. एका वर्षी पहिलं बक्षीस नागलीच्या केकला दिलं, वर काजू, बाजूला रांगोळी. नंतर लक्षात आलं की त्या बाईचं स्वतःचं मूल श्रेणी तीनमध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित, होतं. तेव्हा श्रेण्या होत्या, आता सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) म्हणतात. केक तिने उधारीवर केला होता. पाककृती हवीच असेल तर वस्तीतूनच शोधा. १९९० च्या सुमारास व्हिएतनाममध्ये जेरी आणि मोनिक स्टर्निन या दांपत्याने असंच केलं. गरीब गावांतल्या गरीब घरांतलीच काही मुलं धडधाकट कशी, ते त्यांनी गावकऱ्यांना शोधायला लावलं. त्या आया भातखाचरातले छोटे खेकडे-कोळंबी आणि रताळ्याचा पाला मुलांना घालायच्या आणि दिवसातून जास्त वेळा भरवायच्या. तुमच्या दहा घरांतही असं एखादं घर निघेल: तीच मजुरी, तीच खोली, पण पोर गुटगुटीत. त्या बाईला विचारू नका, तिच्याकडे बसा. ती काय वेगळं करते ते तिलाही ठाऊक नसतं. मग पुढचा बुधवार तिच्या खोलीत, तिच्या पातेल्याभोवती, सहा-सात आयांचा. तुम्ही मागे बसा.

एक सीमा लक्षात ठेवा. दंडाची पट्टी जवळ बाळगा आणि आयांनाही वापरायला शिकवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खड्डा राहिला, की तिथे शिक्षण थांबवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. भूक मेलेली, ताप किंवा जुलाब सोबत असतील तर मूल पोषण पुनर्वसन केंद्रात भरतीच व्हावं लागतं. बरोबर तुम्ही जा. आई तिथे राहिली की तिची मजुरी बुडते आणि घरची बाकीची पोरं कोण बघणार हा प्रश्न उरतो. त्याची सोय लावली नाही तर ती तिसऱ्या दिवशी परत येते. अशी परत आलेली एक मुलगी पुढे वाचली नाही. दोष आईचा नव्हता. मागची दोन पोरं कुणाकडे ठेवायची, हे मी तिला विचारलंच नव्हतं.

आणि वजनांचं. तीन महिन्यांत वजनं हलली नाहीत म्हणून स्वतःला नापास करू नका. खुंटलेली उंची तर काही महिन्यांत भरून निघत नाही. सध्या तीनच गोष्टी वहीत लिहा: घास चमच्यावर बसतो का, दिवसात कितीदा भरवलं, आजारपणानंतर जास्तीचं जेवण दिलं का. वजन त्यांच्या मागून येतं. मधे सुगीला किंवा दिवाळीला कुटुंबं गावी जातील आणि तुमची ओळ तुटेल. जाताना वाढीचं कार्ड आणि दंडपट्टी आईच्या पिशवीत घाला, परत आल्यावर पहिल्या आठवड्यात मोजा.

दहा घरांत सात वाजता काय दिसलं ते मात्र कळवा. पातेल्याचं आणि त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलींचं, दोन्हीचं. त्या मुलींची शाळा सुटलेली असेल, आणि त्यावर माझ्याकडे अजून तरी नीटसं उत्तर नाही.